तलंग म्हणून कोंबडा विकणे हा व्यापार नव्हे

मागाला काम कमी झाले की घरातल्या स्त्रियांच्या हाताला काही जोडधंदा द्यावा, ही गोष्ट आमच्या कारागीर वस्त्यांत नवी नाही. शिलाई, पापड, मसाले यांच्या जोडीला मुर्गीपालनाचे नावही नेहमी निघते. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, ज्या घराला थोडेसे अंगण आहे त्या घरात दहा-वीस कोंबड्या सहज सांभाळता येतात. घरची अंडी मुलांच्या पोटात जातात, उरलेली शेजारी विकली जातात. हा धंदा हलाल आहे आणि पडद्यात राहणाऱ्या भगिनींनाही घरबसल्या करता येण्यासारखा आहे. आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. परंतु या धंद्याच्या उंबरठ्यावरच एक फसवणूक बसलेली आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून या पानावर चार शब्द लिहिणे आम्हांला जरुरीचे वाटते.

ही फसवणूक म्हणजे तलंग म्हणून कोंबडा विकणे. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी. ती वीस ते चोवीस आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. आठवडी बाजारात आणि मोहल्ल्यांत फिरणारे विक्रेते पाच-सहा आठवड्यांची पिले आणतात आणि "सगळ्या तलंगा आहेत" असे सांगून तलंगेच्या भावाने देतात. घेणाऱ्या बाईला दिसते ते एक पिसांचे गाठोडे. त्यात नर कोणता, मादी कोणती, हे तिला कळत नाही, आणि कळत नाही हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते.

आमच्या मोहल्ल्यातील काही भगिनींनी पैसे एकत्र करून अशी तीस पिले घेतली होती. चार महिन्यांत त्यांतील सतरा आरवू लागली. विक्रेत्याला गाठून विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "बाजी, नशिबाची गोष्ट आहे." आमच्या मते ही नशिबाची गोष्ट मुळीच नाही. ही हिशोबाची गोष्ट आहे, आणि आपण व्यापारी लोक आहोत, तेव्हा हिशोबच मांडून पाहू.

अंड्यातून निघणाऱ्या पिलांत साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या असतात. निवड न केलेल्या घाण्यातून दहा पिले उचलली तर दहाची दहा मादी निघण्याची शक्यता किती? एकाला दोनने दहा वेळा गुणून पाहा, एक हजार चोवीस येते. म्हणजे एक हजार चोवीस वेळा अशी दहा-दहा पिले उचलली तर एकदा असा योग येईल. जो विक्रेता निवड न करता दर आठवड्याला "सगळ्या तलंगा" विकतो तो एक तर वली आहे किंवा खोटे बोलतो आहे. निवड न करता विकले तर निम्मे नर निघावेत, इथवर नशीब म्हणता येईल.  मग कित्येक ठिकाणी दहात आठ का? कारण कोणी तरी आधीच चांगल्या माद्या काढून घेतलेल्या असतात आणि उरलेले आपल्या भगिनींच्या पदरात पडते.

याची सर्वांत उघड बाजू म्हणजे टोपलीत विकली जाणारी पांढरी, किंवा हिरवी-गुलाबी रंगवलेली, एक-दोन दिवसांची पिले. व्हाइट लेगहॉर्न ही अंड्यांची जात. तिचा नर मांसाला फार भरत नाही आणि अंडी तर देतच नाही. म्हणून मोठ्या उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या अंड्यांच्या फार्मवर जातात आणि नर कवडीमोलाने बाहेर पडतात. तेच रंगवून सायकलवर येतात. त्या टोपलीत मादी शोधणे म्हणजे गिरणीच्या चिंध्यांत नवा ताका शोधणे. मुलांच्या हट्टासाठी कोणी घेत असेल तर गोष्ट वेगळी, पण अंड्यांच्या आशेने या पिलांवर एक रुपयाही घालू नये. ज्या देशांत हे नर पहिल्याच दिवशी मारून टाकत, तेथेही आता विचार बदलतो आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिले मारण्यावर कायद्याने बंदी घातली आणि पिल्लू निघण्यापूर्वी अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रे तेथे चालू झाली. आपल्याकडे मात्र सायकल आणि टोपलीच चालू आहे.

आता कोणी विचारील की पहिल्या दिवशी केंद्रवाले ओळखतात तर आपण का नाही? ती विद्या निराळी आहे. पिलाची विष्ठेची जागा हलक्या हाताने उघडून आतला सूक्ष्म उंचवटा पाहायचा असतो. जपानच्या मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत शोधली आणि १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे मांडली. मुरलेला माणूस तासाला आठशे-हजार पिले तपासतो आणि चूक क्वचित करतो. पण ही नजर तयार व्हायला बराच काळ लागतो, आणि अडाण्याच्या हातून पिल्लू दगावते. दुसरी रीत पंखांची. काही खास संकरात मादीच्या पंखाची मुख्य पिसे वरच्या पिसांपेक्षा लांब असतात आणि नरात दोन्ही सारखी असतात. हा फरक पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतो आणि ज्या संकरात तो मुद्दाम घडवला आहे तेथेच दिसतो. तिसरी रीत रंगाची. ऱ्होड आयलंड रेड नर आणि लाइट ससेक्स मादी यांच्या पिलांत नर पिवळट-पांढरे आणि माद्या तांबूस निघतात. या तिन्ही रीती केंद्रवाल्यांच्या कामाच्या. बाजारातल्या सरमिसळ पिलांवर त्या चालत नाहीत. आपल्याला जे शिकायचे ते पिल्लू वाढताना दिसणाऱ्या खुणांचे आहे, आणि ते कोणाही शहाण्या बाईला एका हंगामात येते.

त्यातील पहिली आणि मोठी अट अशी की तुलना नेहमी एकाच जातीच्या, एकाच घाण्याच्या, एकाच वयाच्या पिलांत करावी. आपण कापडवाले एका ताक्याची दुसऱ्याशी तुलना करतो तेव्हा सुताचा काउंट तोच आहे ना, हे आधी पाहतो. येथेही तेच. विक्रेता आठ आठवड्यांच्या माद्यांत पाच आठवड्यांचे नर मिसळतो, म्हणजे नरांचा तुरा लहान दिसतो आणि सगळा माल सारखा वाटतो. आजारी किंवा उपाशी नराचा तुराही फिका आणि बारीक राहतो. म्हणून पहिला प्रश्न, "ही कोणत्या तारखेला निघाली?" उत्तर देताना जो अडखळतो त्याचा माल तेथेच सोडावा.

तीन-चार आठवड्यांच्या वयात अंगाने भारी जातींत पिसे पाहावीत. मादीच्या अंगावर पिसे लवकर भरतात, तिची लहानशी शेपटी नीट दिसू लागते. नराची पाठ आणि खांदे उघडे, शेपटीच्या जागी नुसता खुंट. पण ही खूण पक्की नव्हे, हलक्या जातींत ती फसवते. या वयाची पिले छातीला छाती भिडवून भांडतात आणि लोक म्हणतात, "हा बघा, नर." तसे काही नाही. या वयात माद्याही भांडतात.

पाच-सहा आठवड्यांपासून तुरा बोलू लागतो. एकेरी तुऱ्याच्या जातींत नराचा तुरा रुंद बुडाचा, उंच आणि गुलाबी-लाल होतो, चोचीखालचे लोंबणारे मांसही दिसू लागते. मादीचा तुरा पिवळट, बुटका, कडक राहतो. व्हाइट लेगहॉर्नमध्ये हे आणखी आधी दिसते. नराचे पायही जाड आणि उभे राहणे ताठ. सहाव्या आठवड्याला दहातले सात-आठ जाणकाराला ओळखू येतात. उरलेल्या दोन-तिघांवर मात्र कोणी शपथ घेऊ नये, आणि नेमके तेच दोन-तीन "तलंगा" म्हणून खपवले जातात.

आठ ते दहा आठवड्यांत रंगीत जातींच्या नरांच्या खांद्यावर, पंखावर गडद, चकचकीत डाग फुटतात, तर मादीचा रंग एकसारखा आणि साधा राहतो. महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत पंचवीस माद्या आणि तीन नर असा जो तलंग गट दिला जातो, तो आठ ते दहा आठवडे वयाचा ठरवलेला आहे. सरकारी कामकाजाला आपण सगळेच नावे ठेवतो, पण हे वय बरोबर निवडले आहे. या वयाच्या आधी पिलू नर की मादी याची हमी देणे कठीण आहे आणि या वयानंतर हमी न देणे ही लबाडी आहे.

बारा आठवड्यांच्या पुढे तर संशयाला जागाच नको. पक्षी हातात घ्या आणि शेपटीच्या बुडाशी, पाठीचा उतार संपतो तेथली पिसे पाहा. नराची ती पिसे लांब, अरुंद, टोकदार आणि रेशमासारखी चमकणारी असतात. मादीची गोल टोकाची, बोथट असतात. मानेवरची पिसेही अशीच. आमच्या मते सर्व खुणांत ही सर्वांत इमानदार खूण आहे. तुरा आजाराने सुकतो, आवाज भीतीने दबतो, पण पिसाचे टोक फसवत नाही. पुढे शेपटीत कोयत्यासारखी वाकलेली पिसे येतात. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, बोटांच्या चिमटीत पोत आला की डोळे मिटूनही ओळखता येते.

आरवण्याविषयी एक गैरसमज आहे. कोणी नर दोन महिन्यांतच घसा साफ करतो, कोणी चार महिने गप्प राहतो. मोठा दांडगा कोंबडा खुराड्यात असेल तर धाकटे नर दबून राहतात आणि आरवत नाहीत. त्यामुळे "आरवत नाही म्हणजे तलंग" हे म्हणणे फोल आहे. पायाच्या मागे फुटणारा काटाही उशिरा वाढतो, आणि काही कोंबड्यांनाही तो येतो. कधी कधी म्हातारी कोंबडीच आरवू लागते आणि घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. त्यात अपशकुन काही नाही. कोंबडीचे फक्त डावे अंडाशय काम करते. ते आजाराने निकामी झाले की तिच्यात नराची लक्षणे उमटतात. अशा कोंबडीला दोष देऊन शेजाऱ्यांशी भांडणे उकरणाऱ्यांनी अल्लाहची पनाह मागावी आणि गप्प बसावे.

सगळ्या जातींना एकच गज लावता येत नाही, हेही सांगणे जरूर आहे. असील जातीत नर आणि मादी दोघांचाही तुरा वाटाण्यासारखा बसका असतो, तेथे तुऱ्याच्या भरवशावर राहिलात तर फसलात. पायांची जाडी, उंची आणि पिसाचे टोक पाहावे. कडकनाथाचा, म्हणजे झाबुआच्या काळ्या कोंबडीचा, तुरा काळसर-जांभळा असतो, लाली शोधून मिळत नाही. तेथे तुऱ्याचा आकार पाहायचा, रंग नव्हे. आणि कडकनाथाचे पिल्लू इतरांपेक्षा महाग असल्यामुळे फसवणूकही महागात पडते. हैदराबादच्या संस्थेने काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा, या परसातल्या जातींत वरच्या खुणा बऱ्यापैकी लागू पडतात.

आता काही समजुती, ज्या आमच्या मोहल्ल्यांत अगदी शिकलेल्या लोकांच्या तोंडीही ऐकू येतात. टोकदार अंड्यातून नर निघतो आणि गोल अंड्यातून मादी, असे म्हणतात. कोणी याच्या उलट सांगतो, आणि दोघेही तितक्याच ठामपणे सांगतात. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरणे, पिल्लाला पाय धरून उलटे टांगून पाहणे, उन्हाळ्यात रवणीला बसवलेल्या अंड्यांतून नरच निघतात असे मानणे, या सर्व गोष्टी बिनबुडाच्या आहेत. पक्ष्यांत नर-मादी ठरते ते कोंबडीकडून येणाऱ्या बीजामुळे, आणि ते अंड्याला कवच चढण्यापूर्वीच ठरलेले असते. नंतर ऊब कमी दिली की जास्त, त्याने नराची मादी होत नाही. विक्रेता जेव्हा "गोल अंडी निवडून बसवली होती" असे सांगतो तेव्हा त्याला सलाम करून पुढे चालू लागावे.

आता मुद्द्याचे बोलू. विक्रेता मुसलमान असो की बिगरमुस्लिम, त्याने खरे बोलावे ही अपेक्षा सर्वांकडूनच आहे. पण आपल्यातील जे बांधव हा धंदा करतात त्यांच्याशी आम्हांला थोडे परखड बोलायचे आहे. आपल्यातले काही म्हणतात, "आम्ही माल दाखवून दिला, ग्राहकाने हाताने निवडून घेतला, आता जबाबदारी संपली." ही जबाबदारी संपत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग बाहेर काढला आणि तो लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्यातील प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली आहे. त्या विक्रेत्यानेही पावसाचे कारण पुढे केले होते. तसेच दूध न काढता सडे फुगवून विकलेल्या जनावराविषयी ग्राहकाला परत करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याच्या तपशिलात इमामांचे मतभेद आहेत, परंतु रंगरूप फुगवून विकणे बरे नव्हे यावर मतभेद नाही.

आणि आमच्या या प्रश्नाला तर अगदी जवळचे उदाहरण हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात आहे. मर्गीनानी यांचा हा ग्रंथ सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा. त्यात असा मसला येतो की कोणी मेंढा म्हणून विकला आणि ती मेंढी निघाली, तर सौदा झालेला मानला जातो, पण ग्राहकाला तो ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार राहतो. मेंढ्याच्या जागी तलंग ठेवा आणि मेंढीच्या जागी कोंबडा. आमचे काम कापड विकण्याचे आहे, फतवा देण्याचे नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या शहरातील जाणकार उलेमांना हा मसला जरूर विचारावा. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. "तलंग" हे वर्णन आहे. ते तोंडी दिले म्हणून हलके होत नाही.

याचा अर्थ लहान पिले विकूच नयेत असा नाही. कापडात फ्रेश माल असतो, सेकंडही असतो, आणि सेकंडचा माल सेकंड म्हणून सेकंडच्या भावाने विकण्यात शरम कसली? पाच आठवड्यांची पिले "न निवडलेली, निम्मी-निम्मी" असे स्पष्ट सांगून त्या भावाने विकावीत. ग्राहकाला माहीत असले की निम्मे कोंबडे निघणार, तर ती त्याप्रमाणे संख्या धरेल आणि कोणाची तक्रार राहणार नाही. ज्याला तलंगेचा भाव हवा आहे त्याने तीच पिले आणखी चार-पाच आठवडे सांभाळावीत, दाणा घालावा, निवडावीत आणि मग चढा भाव घ्यावा. त्या चार आठवड्यांचा दाणा आणि मेहनत यांचाच तो भाव आहे. आज होते असे की मेहनत घेत नाहीत आणि भाव मात्र घेतात.

आणि हमी कागदावर द्यावी. मोठा करारनामा नको, साध्या चिठ्ठीवर तारीख, जात, पिले निघाल्याची तारीख, नग, आणि एक ओळ: "सोळा आठवड्यांच्या आत नर निघाल्यास बदलून तलंग देऊ, किंवा फरकाचे पैसे परत करू." पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घालून द्यावी म्हणजे दुसऱ्याचा कोंबडा परतीला आणण्याची भीती विक्रेत्याला राहणार नाही, कारण ग्राहकही सगळे फरिश्ते नसतात. काही विक्रेते म्हणतात, असे केले तर नुकसान होईल. आमचा अनुभव कापडातला आहे, पण धंदा कोणताही असो, जो दुकानदार रंग गेलेला ताका तोंड वाकडे न करता परत घेतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुढच्या ईदलाही येते आणि शेजारणीलाही घेऊन येते. बाजारात असे दोन विक्रेते उभे राहिले तर बाकीच्यांना तसे करावेच लागेल.

घेणाऱ्यांचीही थोडी चूक आहे, ती सांगितली पाहिजे. स्वस्त मिळते म्हणून संध्याकाळच्या अंधारात, डालग्याखालून, जाळीतून चार पक्षी उचलायचे आणि घरी येऊन उजेडात पाहायचे, ही रीत सोडावी. सकाळी जावे, एक-एक पक्षी हातात घ्यावा, पाठीचे पीस पाहावे. दहा घेत असाल तर घाण्यातल्या सर्वांत मोठ्या तुऱ्याचे आणि सर्वांत लहान तुऱ्याचे पिल्लू आधी शेजारी-शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे त्या जातीतला फरक डोळ्यांत बसतो. "उद्या-परवा अंड्यावर येते" म्हणून तयार तलंग कोणी विकत असेल तर तुऱ्याची लाली पाहावीच, शिवाय मागची दोन बारीक हाडे बोटांनी चाचपावीत. अंड्यावर आलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावतात, कच्च्या तलंगेत जेमतेम एक. आणि एक गोष्ट पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते, ती ही की खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. कोंबडी एकटीही तितकीच अंडी देते. पिले काढायची असतील तरच नर हवा, आणि तोही आठ-दहा माद्यांमागे एक.

पाच महिन्यांत एक अंड्याची तलंग बंदिस्त असेल तर साधारण सात-आठ किलो खाद्य खाते. नरही कमी खात नाही. आजच्या खाद्याच्या भावाने सतरा कोंबड्यांचा हिशोब ज्याचा त्याने करावा. ज्या घरात मागावरची मजुरी आठवड्याला मिळते आणि आठवड्यालाच संपते, त्या घरातल्या बाईचा तो पैसा बहुधा भिशीतून किंवा कानातले मोडून आलेला असतो. एकदा असे झाले की ती पुन्हा या धंद्याकडे फिरकत नाही, तिच्या मोहल्ल्यातली दुसरीही फिरकत नाही, आणि मग आपण सभांत भाषणे करतो की आपल्या स्त्रिया उद्योगात मागे का.

कोंबडे निघालेच तर त्यांना शिव्या देऊ नका. कोंबडा नमाजसाठी जागवतो म्हणून त्याला बुरा म्हणू नये, अशी हदीस आहे. शिवाय गावरान कोंबड्याला बाजारात मागणी आहे, फक्त वेळ साधावी लागते. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे आषाढात मांसाहार जोरात असतो आणि श्रावण लागला की पुष्कळ घरांत तो बंद होतो. फेब्रुवारीअखेर निघालेली पिले जुलैपर्यंत साडेचार-पाच महिन्यांची होतात आणि विक्रीला तयार असतात. अंड्याला ठेवायच्या माद्यांपासून ते बारा आठवड्यांतच वेगळे करावेत, एकत्र ठेवले तर ते माद्यांना सतावतात आणि दाण्यावर त्यांना मागे सारतात. आषाढ संपण्याच्या आठवडाभर आधी ते काट्यावर तोलून द्यावेत, नगावर नव्हे. श्रावण लागल्यावर महिनाभर गिऱ्हाईक कमी होते आणि दाणा मात्र रोज घालावा लागतो.